विठाच्या नावाची तक्रार

नाही नाही, फॉर्म देतो की, नाही कुठं म्हटलं — तक्रार हा नागरिकाचा हक्क आहे, तो भिंतीवरचा बोर्ड मीच लावलाय — पण विठा भोईरचं नाव लिहायच्या आधी दोन मिनिटं बसा. पोरीचं मुलाखतीचं पत्र तारीख उलटल्यावर चार दिवसांनी सोनिवलीला पोचलं, मान्य. पोरगी रडली, मान्य. माझ्या पोरीचं असतं तर मी हे काउंटर उचलून रस्त्यावर फेकलं असतं. पण विठा कोण, माहितेय का? अकरा वर्षं बदली पोस्टमन. बदली म्हणजे काय — आमच्यातला एखादा रजेवर गेला, पाय मोडून बसला, की त्याची पिशवी हिच्या खांद्यावर. तो परत आला की ही घरी. बारवी धरणाकडच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांची पेन्शन पोचवणारी हीच. कुत्री आम्हाला चावतात, हिच्यामागे शेपूट हलवत फिरतात.

मग वरून फर्मान आलं — बदली माणसं आता एजन्सीकडून घ्यायची. काल पिझ्झा वाटणारा आज पेन्शन वाटणार! — काय? पिझ्झावाला वेळेत तरी येतो? बोला, बोला, आज तुमचा दिवस आहे. तर युनियनचा सेक्रेटरी मी, भगवान रोकडे. एकोणीस दिवस गेटवर धरणं धरलं. आमच्या युनियनमधलाच धम्मदीप बोलायचा, बारवीपेक्षा मोठं धरण, पाणी तेवढं नाही. माझा घसा तिसऱ्या दिवशीच बसला, पुढच्या सगळ्या घोषणा विठाच्या. शेवटी साहेबलोक नमले. एजन्सी नको तर नको, तुमच्यातलाच जुना बदली घेतो, महिनाभर बघतो, एकही तक्रार आली नाही तर कायम करतो. जागा एक. नाव युनियननं द्यायचं.

आता युनियननं म्हणजे कोणी? मीच. आणि मी दिलं जितेशचं. माझा जावई. हसू नका, त्यानेही सहा महिने बदली केली होती — बरं, तीन, त्यात गणपतीची सुट्टी. माझी पोरगी तेजल माझ्याशी बोलायची बंद झाली होती हो, बायको डाळीत मीठ टाकायची बंद झाली होती, माणूस किती दिवस अळणी खाणार? सभेत नाव वाचलं. विठा उठली, बोलली, “दादा, चामटोलीचा रस्ता तरी जावयाला दाखवून ठेवा.” आणि बसली. धम्मदीपनं माझ्या हातातला कागद घेतला, जितेश खोडून विठा लिहिलं. मी सगळ्यांना सांगतो की मीच बदलायला लावलं. तुम्हालाही तेच सांगणार होतो.

हां, तुमचं पत्र. धरणं चालू असताना टपाल अडवायचं नाही असं ठरलं होतं — लोकांचे हाल करून युनियन चालत नाही, भाषणात माझंच वाक्य. सोनिवलीची पिशवी मी जितेशला दिली, म्हटलं रस्ते शिकेल. तो घरी गेला, पिशवी कपाटात, साहेब क्रिकेटसमोर. गेल्या सोमवारी तेजलनं कपाट आवरलं तेव्हा सापडली. मी ती विठाला दिली, बोललो, गुपचूप वाटून टाक. तिनं वाटली, आणि दारोदार सांगितलं, माझ्या हातून राहिलं. तुमच्या दारातही तेच बोलली ना? मी नव्हतं सांगितलं तसं बोलायला. विचारलं, का गं असं केलंस? तर म्हणे, “दादा, धरण्यात टपाल दाबलं असं झालं तर एजन्सी परत येईल.” एवढंच. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

शुक्रवारी तिचा महिना भरतोय. म्हणून बसा म्हटलं. खरं सांगू? तुम्हाला चहा पाजायचा, गोड बोलायचं आणि फॉर्म संपलेत म्हणून वाटेला लावायचं, असा झोल होता डोक्यात. पोरीचं नाव काय बोललात? मैत्रेयी. हं.

घ्या. कर्मचाऱ्याचं नाव — भगवान रोकडे. रोकडे, रो दीर्घच असतो, लिहा. कारण — टपालाची पिशवी घरी ठेवली. धरण्याचं तेवढं लिहू नका, हात जोडतो. जितेश? त्याचं नाव लिहून काय करणार, त्याला अजून रस्ता माहीत नाही. सही करा. कीर्ती मॅडम आत बसल्यात, पोस्टमास्तर, त्यांच्याच हातात द्या. माझ्याकडे नको, माझा काय भरवसा — जा, लवकर जा, विठा बाहेर सायकल लावतेय. आपलं काही बोलणं झालेलं नाही. उठा.