सर्व्हरला आपोआप कळत नाही

सौदीतल्या अबकैकच्या तेल प्लांटमध्ये एक व्हॉल्व्ह जरासा हलला तरी मला जागेवर बसून कळतं, त्याचाच मला पगार मिळतो. तर अशा मी खोबर शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारा मीडिया सर्व्हर बसवला. शुक्रवारी पाहुणे बोलावले, लेकीच्या नाचाचा व्हिडिओ नेटवर्क ड्राइव्हवर टाकला आणि ऐटीत टीव्ही लावला. व्हिडिओचा पत्ताच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "नक्की टाकलात ना?"

"टाकलाय हो. पण ड्राइव्हवर नवीन काही आलं तरी सर्व्हरला आपोआप कळत नाही. कोणी बघायला सांगितलं तरच तो बघतो."

बायको म्हणाली, "आई, अगदी यांच्यावर गेलाय. हे बसलेत ना, तो सोफा मंगळवारी आलाय."

मी खाली पाहिलं. आमचा सोफा तपकिरी होता. हा निळा होता.