कुंदाताईंनी सुचवलेली कॅसेट

दत्ताराम : दोन्ही बाजू ऐकल्यास ना पण?

नंदकिशोर : दोन्ही. दोनदा ऐकल्या.

दत्ताराम : मग असा मयताला आल्यासारखा काय बसलायस? गो जानकी, नंदू आलाय. चाय टाक.

जानकी : टाकलीय. भावोजी, साखर नेहमीची की डॉक्टरांची?

नंदकिशोर : डॉक्टरांची, वहिनी. अर्धा चमचा.

दत्ताराम : आता बोल. आवडली की नाही, एका शब्दात. तुम्हा ड्रॉइंग ऑफिसवाल्यांना एक शब्द जमत नाही, आम्हा फिटर लोकांना तेवढाच जमतो.

नंदकिशोर : आवडली. पण प्रश्न आवडण्याचा नाहीये. उद्या श्रोता मंडळात तू तिच्यावर काय बोलणार आहेस, ते आधी सांग.

दत्ताराम : म्हणजे तुला वाटतंय मी तुझी लाज काढणार.

नंदकिशोर : तसं कुठे म्हणालो मी?

दत्ताराम : म्हणायला कशाला पाहिजे? मला त्या मुलुंडच्या मंडळात तूच नेलंस. पहिल्याच रविवारी त्या वकीलसाहेबांनी तुला हळूच काय विचारलं, ते मला ऐकू आलं होतं. फिटर आहेत का, बरं बरं, मग भजनं वगैरे आवडत असतील. तू काय सांगितलंस तेही ऐकलं. म्हणालास, याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

नंदकिशोर : आणि ते खरंच आहे.

दत्ताराम : मग घाबरतोस कशाला? उद्या पहिल्यांदा माझी पाळी आहे. आठ पानं लिहिलीत यार. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नव्हतं.

नंदकिशोर : वाच ना थोडं.

दत्ताराम : सुरुवातच वाचतो. 'ही कॅसेट मला कुंदाताईंनी सुचवली. आपल्या मंडळाच्या नियमाप्रमाणे वाजवणाऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि कॅसेटवरही लिहिलं नाही. दुसऱ्याने सुचवलेलं ऐकायचं, नावावर न जाता बोलायचं, नाव शेवटी कळणार. म्हणून मी फक्त कानांना कळलं तेवढंच सांगतो.' बरोबर आहे ना इथवर?

नंदकिशोर : इथवर एकदम बरोबर आहे.

दत्ताराम : पुढे ऐक. 'हा बासरीवाला घाईत नाही. चार सूर वाजवतो आणि गप्प बसतो. मागे तानपुरा तेवढा चालू. आधी मला वाटलं कॅसेट खराब आहे. मग लक्षात आलं, हा आपल्याला जागा देतोय. मी आजवर जे ऐकलं, त्यात ज्याला त्याला जागा भरायची घाई. गप्प राहायला न घाबरणारा हा एकटाच.' कसं काय? झकास ना?

नंदकिशोर : चांगलं लिहिलंयस. फारच चांगलं लिहिलंयस, तीच पंचाईत आहे.

दत्ताराम : कसली पंचाईत?

नंदकिशोर : हे बघ, मी काल रात्रीपासून विचार करतोय तुला कसं सांगावं. बायकोला विचारलं, ती म्हणाली सरळ सांगा. तरी सकाळी दोनदा निघालो आणि दोनदा परत फिरलो.

दत्ताराम : नंदू, उद्या दुपारी चार वाजता मंडळ आहे. तोपर्यंत तरी सांगशील का?

नंदकिशोर : त्या कॅसेटमध्ये बासरीवाला एकटा नाहीये, दत्ता. दोघं आहेत. बासरी आणि सरोद, जुगलबंदी आहे ती. तू ज्याला गप्प बसणं म्हणतोयस ना, तिथे सरोद वाजतोय.

दत्ताराम : कसला सरोद?

नंदकिशोर : सरोद. तारांचं वाद्य.

दत्ताराम : सरोद काय ते माहितीय मला. या कॅसेटमध्ये कुठून आला? तू दुसरीच ऐकलीस.

नंदकिशोर : हीच. कव्हरावर तुझ्या हाताने चौदा नंबर घातलाय, बघ.

दत्ताराम : मग तुझ्या मशीनमध्ये गडबड असेल. रेडिओ मिसळत असेल.

नंदकिशोर : मेव्हण्याकडे हेडफोन लावून ऐकली. उजव्या कानात बासरी, डाव्या कानात सरोद. स्वच्छ.

दत्ताराम : दीड महिना रोज ऐकतोय मी. फर्स्ट शिफ्ट करून आलो, हातपाय धुतले की इथे या मशीनपाशी येऊन बसतो. दहा मशीनं चालू असली तरी कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय ते सांगतो मी आवाजावरून, साहेब लोक विचारायला येतात. आणि एवढा मोठा सरोद मला ऐकू आला नाही?

नंदकिशोर : मलाही तेच कळत नाहीये. म्हणून तर रात्रभर झोप नाही.

जानकी : चहा घ्या. कोण बासरीवाला?

दत्ताराम : आपली ती कॅसेट गो. रोज संध्याकाळी लावतो ती.

जानकी : तिच्यात बासरी कुठे आहे?

दत्ताराम : तू गप रव गो. तुका काय कळता त्यातला?

जानकी : माका काय कळूचा? दीड म्हयनो मी पण ऐकतंयच ना. तारांचं वाजतं त्यात भावोजी, जाड तारांचं. बासरी नाहीच आहे.

नंदकिशोर : वहिनी, एक मिनिट. तुम्ही ऐकता कुठे?

जानकी : कुठे म्हणजे? आत, स्टोव्हपाशी. ह्यांनी ते डबडं टांगून दिलंय ना तिथे.

नंदकिशोर : कसलं डबडं? दत्ता, या टू-इन-वनला दोन स्पीकर असतात. दुसरा कुठाय?

दत्ताराम : आत आहे. हिच्या भावाने मस्कतहून आणलं मशीन. स्पीकर सुटे होतात त्याचे. गणपतीत मीच भिंतीला भोक पाडून वायर आत नेली. म्हटलं, हिला आत एकटीला कंटाळा नको.

नंदकिशोर : वाट लागली.

दत्ताराम : का? सगळ्या कॅसेटी अशाच ऐकल्या. तेरा ऐकल्या. कधी काही झालं नाही.

नंदकिशोर : कारण त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या. दोन्ही स्पीकरवर तेच येतं. ही स्टिरिओ आहे. एक वाजवणारा या स्पीकरवर, दुसरा त्या. तुझा बासरीवाला बाहेर बसलाय आणि सरोदवाला आत स्वयंपाकघरात.

जानकी : म्हणजे ह्यांनी एक ऐकलं आणि मी दुसरंच?

नंदकिशोर : दीड महिना.

दत्ताराम : पण आतलं बाहेर यायला नको? दहा फुटांवर तर आहे.

जानकी : कसं येईल? स्टोव्हचा धूर बाहेर येतो म्हणून दार तुम्हीच लावून घेता. आणि शेजारी विमलाचा नवरा नाइट करून झोपलेला असतो म्हणून आवाज हा एवढासा. स्टोव्ह पेटला की मीच त्या डबड्याला कान लावून असते.

दत्ताराम : मधूनमधून काहीतरी टणटण यायची खरी. मला वाटायचं विमलाचा रेडिओ.

जानकी : मला बाहेरून शीळ घातल्यासारखं यायचं. मला वाटायचं हे तोंडाने वाजवतायत. म्हटलं दमून आलेत, वाजवू दे.

नंदकिशोर : हसू नको म्हणतोय मी स्वतःला, पण जमत नाहीये.

दत्ताराम : हस की. उद्या मुलुंडला पंधराजण हसतीलच. तू आजपासून सुरुवात कर.

नंदकिशोर : तसं नाही रे. तो स्पीकर काढून आण बाहेर. आधी नीट ऐकू या.

दत्ताराम : काय ऐकायचंय आता त्यात?

जानकी : मला ऐकायचंय. मी आणते काढून. भाकऱ्या राहू देत थोड्या.

(दुसरा स्पीकर बाहेर येतो. कॅसेटची पहिली बाजू तिघंही शेवटपर्यंत ऐकतात.)

नंदकिशोर : संपली बाजू. दुसरी लावू?

दत्ताराम : नको. थांब जरा.

जानकी : मी ह्याच्यावर भाकऱ्या भाजायची, भावोजी. तो तारवाला काहीतरी विचारल्यासारखं वाजवतो आणि थांबतो. त्या थांबण्यात भाकरी उलटायची. कधी करपली नाही. मी मनात म्हणायची, बाबा रे, विचारतोस ते ठीक, पण तुला उत्तर कोण देणार? आणि हा इथे देत होता की.

नंदकिशोर : दत्ता, बोल काहीतरी.

दत्ताराम : उद्या सांग त्यांना, दत्तारामला ताप आलाय.

नंदकिशोर : असं करू नकोस. ऐक माझं. बासरीच्या जागी बासरी आणि सरोद घाल. ते गप्प बसण्याचं तेवढं गाळून टाक. उरलेलं तसंच वाच. कोणाला पत्ता लागणार नाही.

दत्ताराम : गप्प बसण्याचं गाळलं तर उरतं काय? आठ पानांत तेवढंच तर लिहिलंय. आणि पत्ता मला लागेल ना.

नंदकिशोर : मग मी कुंदाताईंना भेटून सांगतो. त्या समजून घेतील. पाळी पुढच्या महिन्यात घेऊ.

दत्ताराम : आणि वकीलसाहेब म्हणतील, वाटलंच होतं. त्यांना वाटणारच होतं, त्याला आपण काय करणार? त्यांचं जाऊ दे. नंदू, मला वाटत होतं हा माणूस सूर वाजवून थांबतो, कारण त्याच्यात तेवढी हिंमत आहे. मला त्याचं कौतुक वाटायचं रे. कारखान्यात साहेब ओरडला की मी गप्प बसतो, ते वेगळं. याचं गप्प बसणं मला मोठं वाटायचं. आणि तो गप्प बसलेलाच नव्हता. तो समोरच्याचं ऐकत होता.

नंदकिशोर : हे लिही. हेच बोल उद्या.

दत्ताराम : आणि कसं कळलं ते विचारलं तर?

नंदकिशोर : खरं ते सांग.

दत्ताराम : सांगतो. हसले तर हसले. पण मग सरोदवर काय बोलू? तो मी आज पहिल्यांदा ऐकला, तोही एक बाजू. दीड महिना तो हिने ऐकलाय. तुला सांगतो नंदू, लाज वाटते मला. भोक पाडून वायर आत टाकली आणि म्हटलं, झालं, हिची सोय लागली. ही आत ऐकत असेल, तिला त्यातलं काही वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही कधी. आठ पानं लिहिली आणि हिला एक शब्द विचारला नाही.

जानकी : नाहीच विचारलंत.

दत्ताराम : तू तरी बोलायचंस.

जानकी : काय बोलणार? मघाशी बोलले, तर तुम्ही म्हणालात, तुका काय कळता.

दत्ताराम : म्हणालो खरं.

नंदकिशोर : मी निघू का? तुमचं चालू द्या.

दत्ताराम : बस तू. जानकी, उद्या चलशील मुलुंडला?

जानकी : मी? तिथे येऊन काय करू?

दत्ताराम : बासरीचं मी सांगतो, तारांचं तू सांग.

जानकी : काहीतरीच काय. वकील आणि मास्तरणी बसलेल्या असतात म्हणता ना तिथे? आणि उद्या रविवार, मासळी आणायचीय, पोरांचं जेवण आहे.

नंदकिशोर : मंडळ चार वाजता आहे, वहिनी. जेवण आटपून निघालात तरी पोचाल. आणि नियमात काही अडचण नाही. दुसऱ्याने सुचवलेलं, नाव माहीत नसलेलं ऐकून बोलायचं, एवढाच नियम आहे. तुम्हाला तर वाद्याचंही नाव माहीत नव्हतं. तुमच्यापेक्षा नियम कोणी पाळलाय?

जानकी : मी त्यांना भाकरीचं सांगायचं का?

दत्ताराम : भाकरीचंच सांग. मी लिहिलं त्यापेक्षा चांगलं आहे ते.

जानकी : मला माणसांसमोर बोलायची सवय नाही हो.

दत्ताराम : मला कुठे आहे? म्हणून तर आठ पानं लिहिली.

जानकी : येईन. पण मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

दत्ताराम : नाही बोलणार.

जानकी : आणि मध्येच थांबले तर लगेच तुमचं सुरू करू नका. मला पुढचं आठवायला वेळ लागतो.