उद्याची हाळी

कमळाकर : चपला काढून आत येऊन किती वेळ झाला, वहिनी. तू अजून पाट सरकवला नाहीस.

सगुणा : पाट भिंतीला टेकून हाय. आमदारकीनं हात मोडले नसतील तर घ्या.

कमळाकर : घेतो. मैना दिसत नाही?

सगुणा : मागल्या पडवीत हाय. माहेरपनाला आली असं समजू नका. डोलवीच्या रूमवाल्यानं तिची भांडी रस्त्यावर मांडली, म्हनून आली. सहावा लागलाय तिला.

कमळाकर : कळलं मला. वाईट वाटलं.

सगुणा : तुमाला वाईट वाटायला दोन महिने लागले. रस्ता खराब असंल.

कमळाकर : टोमणे मार, ऐकतो. पण कामाचं आधी बोलू दे. उद्या पेणला अर्ज भरायचा. आजवर एकदाही तुझ्या हातचा दिवा ओवाळून घेतल्याशिवाय मी अर्ज भरलेला नाही. मंचावर तू ओवाळायचं, खाडीकडे तोंड करून हाळी द्यायची आणि खालून सगळ्यांनी ओ द्यायची. मग मी पाऊल उचलायचं. लोक त्यासाठी येतात. सकाळी गाडी पाठवतो.

सगुणा : उद्या मला जमनार नाय.

कमळाकर : का?

सगुणा : दिव्यातलं तेल सरलंय.

कमळाकर : जनू बाहेर गाडीत बसलाय. डबा आणून देईल.

सगुणा : तुमच्या तेलाचा दिवा अष्टमी गावातल्या तुमच्या बंगल्यात लावा. उजेड पडंल कुंडलिका नदीच्या पान्यात. हितं नको.

कमळाकर : सरळ बोल ना. जावयाचा राग माझ्यावर काढतेस. बैकुंठला कंपनीच्या गेटवरून परत पाठवला, तो त्याच्या ओरिसात गेला, आणि खापर कोणाच्या डोक्यावर, तर कमळाकरच्या. तो कायदा मी आणला नाही, वहिनी. मी विरोधात होतो. याच ओटीवर बसून तुला शब्द दिला होता, बाहेरच्या कामगारांना अडवणारा कायदा आला तर मी नाही म्हणेन म्हणून. दिला होता की नाही?

सगुणा : दिला व्हता.

कमळाकर : तो पाळला. सभागृहात ठणकावून नाही म्हणालो.

मैना : ते कुठं लिहिलंय, काका?

कमळाकर : ये गो मैना, बस. अशी उंबऱ्यात उभी राहू नकोस.

मैना : उभीच बरी आहे. तुमचं नाही कुठं लिहिलंय ते सांगा. मी पेणला वकिलांकडं जाऊन बसले होते. ते म्हणाले, तुमची हजेरी लिहितात, भाषणं लिहितात. त्या दिवशी कोण होय म्हणालं आणि कोण नाही, ते नावानिशी कुठंच नाही. सगळ्यांनी एकदम ओरडायचं. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचा कायदा.

कमळाकर : आवाजी मतदान म्हणतात त्याला. कोणी मागणी केली तरच एकेकाचं मत मोजतात. त्या दिवशी कोणी केली नाही.

मैना : तुम्ही करायची.

कमळाकर : एकट्याच्या मागणीला कोण विचारतं, पोरी?

मैना : मागच्या खेपेला असाच ठराव आला, तेव्हा तुमची दाढ दुखत होती. घरी होता. त्याच्या आधी चर्चा झाली, तेव्हा रोह्याला कोणाच्या तरी लग्नात होता. आमच्या माणसाचा विषय निघाला की तुमचं काहीतरी निघतंच.

कमळाकर : वहिनी, हिला आवर. शिकली म्हणून मोठ्यांशी असं बोलायचं?

सगुणा : तिचं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं बगा. न्हाय, माझ्याकडं नको. वर बगा. दिनानाथचा फोटो हाय. त्याच्याकडं बगून सांगा.

कमळाकर : दिनानाथ माझ्या भावापेक्षा जवळचा होता. एका मिठागरात मीठ ओढलं आम्ही. तो गेला तेव्हा विधवेच्या हातून ओवाळणी कशाला म्हणून अर्धं पेण कुजबुजलं, आणि मी भर मंचावर म्हणालो, दिवा सगुणा वहिनीच ओवाळेल. आठवतं का?

सगुणा : आठवतं. ते उपकार मी नाकारत नाय. फोटोकडं बगून सांगा.

कमळाकर : दिनानाथची शपथ. मी नाही म्हणालो.

सगुणा : बरं. आता त्याच्याकडं पाठ करून बसा, भावजी. त्याला तरी बगायला नको.

कमळाकर : म्हणजे काय?

सगुणा : त्या दिवशी पेणवरनं बचत गटाच्या बायकांची गाडी विधानसभा बघायला तुमीच धाडली. पास तुमच्या जनूनं वाटले.

कमळाकर : हो. तुझं नाव नव्हतं त्यात.

सगुणा : गिरजाबाईचं व्हतं. तिचा गुडघा धरला, तिच्या नावावर मी गेले. दारावरच्या पोलिसानं विचारलं, नाव काय? मी म्हनलं, गिरजाबाई. परक्या दारात नाव सांगताना घसा कसा सुकतो, ते तवा कळलं मला. माझा जावई रोज गेटवर तसाच उभा ऱ्हात असंल.

कमळाकर : चहाला तू नव्हतीस. माझ्यासोबतच्या फोटोतही नव्हतीस.

सगुणा : गाडीत जाऊन बसले व्हते. तुमचं तोंड बघवंना.

कमळाकर : वहिनी, तिथे वरच्या गॅलरीतून काही कळत नाही. दोनशेच्या वर माणसं एकदम ओरडतात. त्यात माझा एकट्याचा आवाज तू ऐकलास?

सगुणा : उधानाच्या रात्री बांध फुटून खांड पडली, तवा तुमी वीस-एकवीसचे व्हते. पाऊस, वारा, खाडीचा आवाज. त्यातनं तुमी हाळी दिली आनि मी घरात भाकऱ्या थापत व्हते ती तशीच उठले. ह्यांना म्हनलं, कमळाकर वराडतोय, बांध गेला. सगळा पाडा टोपल्या घेऊन धावला. शेतं वाचली, घरं वाचली. त्या हाळीवर तुमी पुढारी झाले. तो गळा मी दोनशेत नाय, दोन हजारात वळखीन. आनि वळखावं कशाला लागतंय, समोर दिसत व्हते की तुमी.

कमळाकर : म्हणजे मी होय म्हणालो असं तुझं म्हणणं.

सगुणा : होय म्हनाला असता तर बरं झालं असतं.

मैना : आये?

सगुणा : खुर्चीतला मानूस म्हनाला, बाजूचे आहेत त्यांनी होय म्हना. समदे वराडले. ह्या तुझ्या काकाची मान खाली, कागद चाळत व्हते. मंग म्हनाला, विरुद्ध आहेत त्यांनी नाही म्हना. चार-दोन गळे उठले, कुठले कोन जाने. हे चष्मा पुसत व्हते. मी वरनं वाट बघत व्हते गो. मला वाटलं, आता तोंड उघडतील, आता उघडतील. तेवढ्यात झालासुद्धा कायदा. दार लोटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

मैना : हे तू मला सांगितलं नाहीस.

सगुणा : लाज वाटली. माझी नाय, ह्यांची.

कमळाकर : ऐकून घ्या दोघी. पक्षाचा आदेश असतो. नाही म्हटलं असतं तर उद्याचं तिकीट गेलं असतं. आणि होय म्हणायला मी तुला दिलेला शब्द आडवा आला. म्हणून गप्प बसलो. त्यातल्या त्यात तेवढंच माझ्या हातात होतं.

सगुणा : आनि दिनानाथची शपथ?

कमळाकर : चुकलं.

सगुणा : चुकलं म्हनजे मीठ जास्त पडलं नाय, भावजी.

कमळाकर : मग माझंही ऐक. त्या कायद्यात सगळं वाईट होतं का? ज्यांच्या जमिनी कंपनीत गेल्या, त्यांची पोरं गेटसमोर टपरीवर दिवस काढतात. ठेकेदार बाहेरून माणसं आणतो, कारण ती अर्ध्या पगारात डबल शिफ्ट करतात. आपल्या पाड्यातल्या जगनचा मुलगा आयटीआय करून घरी बसलाय. जगन माझ्याकडे येऊन रडतो. त्याला मी काय सांगू? सगुणाच्या जावयाला अडचण होईल म्हणून गप्प राहिलो, असं सांगू?

मैना : बैकुंठनं जगनकाकांच्या मुलाची जागा घेतली नाही. क्रेनखाली उभं राहायला इथलं कोणी तयार नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक आहे.

कमळाकर : मला दोन्ही ठाऊक आहे. तेच तर दुखणं आहे.

सगुणा : मंग ते सांगायचं व्हतं. छाती काढून होय म्हनायचं आनि हितं येऊन बोलायचं, वहिनी, तुझ्या पोरीचं नुकसान केलं, पन जगनच्या पोरासाठी केलं. मी शिव्या दिल्या असत्या. तुमच्या तोंडावर दार लावलं असतं. आनि दुसऱ्या दिशी दिवा घेऊन पेनला आले असते, कारन मानसाचं एक तोंड असतं हे तरी समजलं असतं.

कमळाकर : बोलायला सोपं आहे.

सगुणा : काळुरामची गोष्ट इसरलात? खांड पडताना त्यानं बघितली व्हती, तुमच्याही आधी. पन तो दुसऱ्याच्या मिठागरात मासं चोरत व्हता. वराडला तर पकडला गेला असता, म्हनून गप बसला. नंतर पाड्यानं त्याला मारलं नाय, दंड केला नाय. फकस्त त्याचा बांध फुटला तवा कोनी टोपलं उचललं नाय. खाडीवरचा नेम हाय तो. खांड बघून जो हाळी देत नाय, त्याच्या बांधाला माती लावायची नाय. त्याचं शेत खारं झालं ते झालंच. तो नेम पाळा म्हनून सगळ्यात मोठ्यानं कोन वराडलं व्हतं?

कमळाकर : मी.

सगुणा : व्हय. तुमीच.

कमळाकर : म्हणजे उद्या तू येणार नाहीस. तसं असेल तर मीही सांगतो. खाडीची मतं फुटली तर मी पडेन, आणि जो येईल तो या कायद्याला दोन्ही हातांनी मिठी मारणारा आहे. आणि मैना, तू ऐक. त्या कायद्यात सूट आहे. स्थानिक आमदाराने शिफारस दिली, तर लग्न होऊन इथे राहिलेल्या माणसाचा गेटपास चालू होतो. माझ्या सहीचं काम आहे. उद्या सगळं नीट पार पडलं की जनूला सांगतो.

मैना : ही सूट तुम्हाला आज आठवली?

कमळाकर : आज विषय निघाला.

मैना : दोन महिने मी कंपनीच्या ऑफिसात, तहसीलला, वकिलाकडं चपला झिजवतेय. तिकडून त्याचा फोन येतो, रोज एकच विचारतो, कधी येऊ. आणि सही तुमच्या खिशात होती.

सगुणा : नको आपल्याला ती सही. भीक नको.

मैना : तू गप, आये. तुला खरं पायजे, मला नवरा पायजे. दिवा ओवाळून तो येत असेल तर दहा दिवे ओवाळ. काका, सही आत्ता करा. उद्या नाही. कागद माझ्याकडं आहे.

कमळाकर : माझ्यावर विश्वास नाही तुझा?

मैना : नाही.

सगुणा : पोरगी सरळ बोलते. तुमी शिका तिच्याकडनं.

कमळाकर : आणि मी सही केली आणि उद्या हिची आई आली नाही तर?

सगुणा : येईन. दिनानाथची शपथ नाय घेत, ती तुमी खराब केली. नुसतं सांगते, येईन. ताट घेऊन मंचावर उभी ऱ्हाईन, कुंकू लावीन, ओवाळीन.

कमळाकर : दे तो कागद. पेन कुठे आहे?

(कमळाकर सही करतो. मैना कागदावर फुंकर घालते आणि घडी करून पदरात खोचते.)

कमळाकर : झालं समाधान? आता तरी पाणी दे, वहिनी. घसा कोरडा पडला.

सगुणा : मैना, दे गो पानी त्यांना. पाव्हन्याला तहानलेला ठेवू नये.

कमळाकर : सकाळी आठला गाडी येईल. नऊवारी नेस, ती हिरवी. आणि हाळी जरा लांब दे. मागच्या वेळी गडब गावच्या लोकांपर्यंत पोचली नाही म्हणाले.

सगुणा : हाळीचं मी काय बोलले नाय.

कमळाकर : म्हणजे?

सगुणा : ओवाळीन म्हनले. हाळी देनार नाय. गप उभी ऱ्हाईन.

कमळाकर : वहिनी, खाली अख्खी खाडी उभी असणार. तू ओवाळल्यावर ते वाट बघतात. तू गप्प राहिलीस तर काय समजतील?

सगुणा : गडबवाल्यांना वाटंल, म्हातारीचा घसा बसला. खाडीवाल्यांना सांगावं नाय लागत.

कमळाकर : मैना, तो कागद परत दे.

मैना : तो आता माझ्या नवऱ्याचा आहे.

कमळाकर : एक हाळी, वहिनी. तुला काय जड आहे? नुसतं तोंड उघडायचं.

सगुणा : तेच तर मी वरनं बघत म्हनत व्हते, भावजी. नुसतं तोंड उघडायचं.

कमळाकर : मी मंचावर वाट बघत उभा राहीन आणि तू... मी काय करायचं तेव्हा?

सगुणा : मी काय केलं तवा? गप जाऊन गाडीत बसले.