पेणची लाईन लागेपर्यंत

—नाय लागत हो. परत बिझी. पेणची लाईन म्हणजे अशीच, सकाळी लवकर लागली तं लागली, नायतर बसा वाट बघत. तुम्ही बसा ना भाऊ, उभे कशाला? ते स्टूल घ्या, भिंतीला टेकवून बसा म्हणजे हलत नाय. नंबराची चिठ्ठी राहू दे माझ्यापाशी, मीच लावत राहते. — राहू दे, राहू दे, तोंड उघडू नका. दाढ ना? गालाला रुमाल धरून आलात तेव्हाच ओळखलं मी. आमच्या बाबांना असंच व्हायचं, नुसता हात करून पाणी मागायचे. थांबा, डबीत लवंग असेल... ही घ्या. दाढेखाली धरा, चावू नका. मान हलवलीत तरी कळतं मला, इथं बूथमध्ये बसून माणसं वाचायला शिकलेय मी. हा पाय असा, पोलिओचा, म्हणून तर बूथ मिळाला. अपंगांच्या कोट्यातनं. बसल्या जागी धंदा, आणि अख्खं रोहा येतं माझ्याकडं बोलायला. — परत बिझी. ऐकलंत ना, टूं टूं टूं.

काय बघताय? समोरचं कुलूप? हां, बघा. ते हिरामणचं घर. म्हणजे घर चंद्रावतीचं, त्याच्या बायकोचं — तिच्या बापानं लेकीच्या नावावर करून दिलेलं, आणि बरं झालं बाई दिलं, नायतर आज त्याच्यावरही कुणाचा तरी शिक्का बसला असता. हिरामण म्हणजे सोडावाला. गोटी सोडा प्यालायत कधी? व्हय? मग त्याचाच असणार. इथून कोलाडपर्यंत हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात त्याचे क्रेट जायचे. आणि एवढं चाललेलं असताना ह्याला अवदसा आठवली — नवीन मशीन आणलं, पनवेलच्या कुठल्याशा फायनान्स कंपनीकडनं कर्ज काढून. मशीन आलं आणि त्याच उन्हाळ्यात ती टीव्हीवरची थंड पेयं आली, लाल नि निळी. कंपनीनं हॉटेलवाल्यांना फ्रीज फुकट दिले. फुकट! अट एकच, फ्रीजमध्ये दुसऱ्याची बाटली ठेवायची नाय. मग हिरामणचा सोडा ठेवणार कुठं? उन्हात? वर्षभर त्यानं हप्ते भरले हां, चंद्राच्या बांगड्या गेल्या त्यात. नंतर नाय झालं. बुडवायचं मनात नव्हतं त्याच्या. ते मी कुणासमोरही सांगेन.

पण माझा ह्यात काय संबंध? तेच सांगते. कर्जाच्या अर्जावर फोन नंबर लागतो, ह्याच्याकडं फोन नाय, ह्यानं दिला माझा. पीपी म्हणून, म्हणजे शेजारचा, निरोपापुरता फोन. सगळेच देतात, नाय कशाला म्हणू? कुणाची नोकरी लागली, कुणाला मुलगा झाला, सगळं माझ्याच फोनवर आलंय, मी इथनं हाक मारते, बाहेर स्टँडवरचा नाथा रिक्षावाला धावत जाऊन माणसाला घेऊन येतो. मग एक दिवस ह्या वसुलीवाल्यांचा फोन सुरू झाला. पहिल्यांदा गोड — ताई, जरा हिरामणभाऊंना बोलवता का. मग रोज. मग दिवसातनं कितीदा. हिरामण आला की शिव्या, आईबहिणीवरनं, त्या रिसिव्हरमधनं मला इथं बाहेर ऐकू यायच्या. तो पोरक्यासारखा नुसता उभा राहून हो साहेब, हो साहेब करायचा. शेवटी मी म्हटलं, हिरामण, तू येऊच नको. मी सांगते नाय म्हणून.

मग बघा हां ह्यांची अक्कल. नाव बदलून फोन यायला लागले. माणूस एकच, आवाज एकच, पण दर वेळी तो दुसराच कोणतरी असायचा. अलिबागच्या कोर्टातनं बोलतोय, वॉरंट निघालंय, बायकोलाही आत घेणार. पोलीस चौकीतनं बोलतोय. एकदा तं शाळेतनं — तुमची भाविका चक्कर येऊन पडलीय म्हणे. भाविका म्हणजे हिरामणची पोर, आणि ती माझ्यासमोर पेन्सिल घेत उभी! मी म्हटलं, कुठली भाविका हो? ठेवला फोन. आधी घसा खाकरायचा दोनदा, मग हॅलो असं लांबवायचं, शेवटी आवाज जरा वर — अंधारात झोपेतनं उठवलंत ना तरी मी तो आवाज ओळखेन. — लागतोय का बघू... नाय. रिंग गेल्यासारखी वाटली, पण बिझीच.

पण त्या दिवशी नाय ओळखला. का सांगू? दुपारची गर्दी, माणसं बोलतायत, आणि तो रडवेल्या आवाजात — नागोठण्याच्या दवाखान्यातनं बोलतोय, सोडावाल्याच्या टेम्पोला अपघात झालाय, बायकोला लगेच पाठवा. मी इथनं ओरडले, चंद्राऽ! ती तशीच आली, पीठ लागलेल्या हातानं. नाथानं भाड्याचं नावही नाय काढलं, अशी रिक्षा पळवली. तिथं जाऊन बघते तं कोण नाय, कसला अपघात नाय. परत आली तं दारात दोन माणसं बसलेली, कागद घेऊन. आणि गल्ली सगळी गोळा झालेली बघायला. म्हणे सही करा वहिनी, फक्त साक्षीदार म्हणून, म्हणजे मिस्टरांना हात लावणार नाय आम्ही. ती करत होती हो! पेन घेतलं होतं हातात. नवरा जिवंत हाय एवढ्यावरच ती इतकी हरखलेली की मागाल ते दिलं असतं तिनं. मी इथनं लंगडत गेले नि तिच्या हातातलं पेन ओढलं. वाचला तो कागद. साक्षीदार नाय नि काय नाय, जामीनदार! घर लिहून घेत होते, चंद्राचं. त्यानंतर चार दिवस ती जेवली नाय नीट. आणि मला सारखं वाटत राहिलं, निरोप तं माझ्याच तोंडनं गेला ना. ह्याच फोनवरनं. लाज वाटते हो मला, अजून वाटते.

मग मी म्हटलं पुरे. अलिबागला अनिताबाई वकील हायत, त्यांच्याकडं दोघांना पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दिवाळखोरीचा अर्ज करा. हिरामण खाली मान घालून बसला. आपल्याकडं दिवाळं म्हटलं की माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं ना. पण बाई म्हणाल्या, अहो चोरी नाय ती, कायदा हाय. मशीन जाईल, शेड जाईल, काय असेल ते कोर्ट बघेल, घेणेकऱ्यांत वाटेल. पण ह्यांना जे बोलायचं ते जज्जासमोर बोलावं लागेल, तुमच्या उंबऱ्यावर नाय. फक्त एक — वहिनींनी कुठं सही करायची नाय. त्यांची सही गेली की घर गेलं. आज अर्ज. पहिल्या एस्टीनं गेलाय हिरामण. शर्ट इस्त्रीचा घालून गेला, लग्नाला निघाल्यासारखा. मला हसू आलं नि डोळ्यांत पाणी पण आलं.

आणि चंद्रा? नाय हो, तिला एकटीला इथं कशी ठेवू? हे लोक वास काढत येणार, नवरा नसताना गाठणार तिला. पाठवली तिला, भाविकाला घेऊन. कुठं ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाय, नाथाला पण नाय. — आता तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही पेणचे, दाढेनं बेजार झालेले, तुम्हाला काय पडलंय. धरमतरला हाय. माझी बहीण बायजा तिथं दिलीय, मिठागराच्या कडेला घर, पत्र्याचं, दारात होडी उलटी घातलेली. कोण जाणार तिथं! आणि तिला पढवून ठेवलंय मी — तिथं जेट्टीच्या ऑफिसात फोन हाय, पण फोन आला तं जायचं नाय. हिरामणचा म्हणाले तरी नाय, अगदी मालूचा, म्हणजे माझा म्हणाले तरी नाय. हे लोक बाईचा आवाज पण काढतात, काय नेम. वकीलबाईंनी माणूस पाठवला तरच दार उघड म्हटलं. कशी हाय आयडिया? हसू नका, दाढ ठणकेल.

—लागली! रिंग जातेय, अहो रिंग जातेय! घ्या, या आत, धरा. हळू बोला हां, सावकाश...

...

...काय म्हणालात?

नाय, तुम्ही बोला त्यांच्याशी. बोला. परत एकदा तसाच दोनदा घसा खाकरून म्हणा ते हॅलो.

धरमतर. मिठागर. उलटी होडी. — वकीलबाईंकडनं आलोय म्हणून सांग, असं सांगताय तुम्ही त्याला? — अरे देवा. अरे देवा. सोडा! सोडा तो फोन! कट केला मी, हां, केला, माझा फोन हाय. दाढ! दाढ म्हणे! मी लवंग देते ह्याला, स्टूल देते, आणि हा बसलाय गप, आवाज ओळखीन म्हणून... आणि मी ओकतेय सगळं, एकेक करून, विचारलंय का त्यानं काय? एक शब्द विचारला नाय! माझ्याच तोंडनं... नाथाऽ! नाथा, रिक्षा आडवी लाव ह्याच्या स्कूटरला. का ते मग सांगते, तू लाव आधी. हाच तो नागोठण्याचा दवाखाना! हां, हाच! मारू नको त्याला, नुसता उभा राहा दारात.

हात खाली ठेवा. पेणवाला तुमचा जोडीदार निघाला ना? पेणहून धरमतर किती लांब, मोटारसायकलवर... लाग रे बाबा, लाग, आता तरी लाग... लागली. हॅलो! जेट्टीचं ऑफिस? काळुरामभाऊ, मी मालू बोलतेय, रोह्याहून, बायजाची बहीण. तिच्याकडं पाहुणी हाय बघा, चंद्रावती, तिला बोलवा, जिवाचं काम हाय. नाय, निरोप नको, तिलाच आणा. मी धरते फोन. धावत जा हो.

...बघताय काय माझ्याकडं? पोटासाठी करतो म्हणाल. करा. मी पण पोटासाठी करते. पण मी कुणाच्या पोरीला शाळेत पाडत नाय नि कुणाच्या नवऱ्याला रस्त्यावर मारत नाय. पैसे मागायचे तं नाव सांगून मागा, कोर्ट हाय तिथं मागा. घर लिहून घ्यायचं तं सांगून घ्या ना, साक्षीदार कशाला म्हणता? ...का नाय येत ही? किती वेळ...

हॅलो! हां काळुरामभाऊ. काय? येत नाय? अहो तिला सांगा मी मालू, खरी मालू... सांगितलंत? मग? काय म्हणाली, जसंच्या तसं सांगा. ‘मालूनंच सांगून ठेवलंय, मालूचा फोन आला तरी यायचं नाय.’ ...व्हय. व्हय, मीच सांगितलं. भाऊ, मग एवढंच सांगा परत जाऊन, कुणी वकिलाचा माणूस म्हणून आला तं... काय? तिनं स्वतःच सांगितलं? ‘फोनवाल्या बाईला म्हणावं, वकिलाचा माणूस येवो नायतर देवाचा, हिरामण स्वतः माझ्यासमोर येईपर्यंत मी कागदाला शिवणार नाय.’ ...आणि आतनं कडी घातली. बायजानं पण. बायजाचे दोन मोठे दीर हायत ना घरात? आजचा दिवस जेट्टीवर बसा जरा, भाऊ, लक्ष ठेवा. ठेवते.

ऐकलंत? मिळालं उत्तर? जा म्हणावं तुमच्या जोडीदाराला, वाजव दार दिवसभर.

शाळेत असताना ओढ्याला पाणी आलं की चंद्रा मला पाठुंगळी घेऊन पलीकडं न्यायची. माझा हा पाय भिजू द्यायची नाय. इतक्या वर्षांत मी काय म्हणाले नि तिनं ऐकलं नाय, असं कधी झालं नव्हतं. आज माझा फोन तिनं घेतला नाय. घेतला नाय म्हणून घर वाचलं, हे कळतंय मला, कळतंय... पण तुम्ही काय करून ठेवलंत ते तुम्हाला कळतंय का? उद्या माझी चंद्रा खरंच आजारी पडली, हिरामणला खरंच काय झालं, तं मी हाक कशी मारू तिला?

नाथा, काढ रिक्षा बाजूला. जाऊ दे. तुमच्या कॉलचे पैसे तेवढे ठेवा इथं, धरमतरचा माझा. — पुढं कोण हाय? या, कुठं लावायचा?