संसारजनक

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय उद्धवराव पाटील, आपल्या शाळेचे मुख्याध्यापक शिवशंकरप्पा गुरुजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सुशीलाबाई, आणि समोर बसलेल्या मादन हिप्परग्याच्या माझ्या अक्का, अण्णा, अप्पांनो,

हे भाषण लिहायला गुरुजींनी मला पंधरवड्यामागं सांगितलं. लिहायला बसलो आज सकाळी. मधे आळंदला गेलो, तिथं एक लॉरीवाला ओळखीचा निघाला, त्याच्यासंगं सोलापूर. तिथल्या भजीबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण ते राहू द्या. खरं म्हणजे लिहायचं टाळत होतो. लिहिलं की बाई जाणार हे पक्कं होत होतं.

मी आठवीतनं पळालेला. बहिणीच्या सासरी राहून इथं शिकलो. विज्ञानातलं मला एवढंच येतं, तेही बाईंमुळं. त्या म्हणायच्या, शरीर म्हणजे घर. पिष्ट म्हणजे चुलीतलं सरपण. स्निग्ध म्हणजे पावसाळ्यासाठी रचून ठेवलेलं. प्रथिनं म्हणजे भिंतीचे दगड. आणि चौथं एक आम्ल असतं पेशीच्या पोटात, ते म्हणजे गवंड्याच्या डोक्यातलं घर. त्याच्यामुळं पोराला आज्याचं नाक येतं. मी विचारलं, "बाई, मग गवंडी कोण?" म्हणाल्या, "ते मोठी माणसं शोधायलेत. तू आधी तुझी पाटी शोध."

कानडी वर्गाच्या पुस्तकात प्रथिनाला ससारजनक म्हणतात. आडावरच्या बायकांपर्यंत ते पोचलं संसारजनक होऊन. एकीनं विचारलं, "बाई, ते संसारजनक कशात असतंय म्हणं?"

"डाळीत. शेंगदाण्यात."

"आन् नवऱ्यात?"

"नवऱ्यात असतं तर तुम्ही मला इचारायला आला असता का?"

हसलात, बरं झालं. पुढचं वाचायला मला जड जायलंय.

दुष्काळाच्या साली माझी बहीण महानंदा खडी फोडायला जायची. तिचं पहिलं लेकरू, शिवशरण, सासूजवळ असायचं, गुरुबाईअक्कांजवळ. अंगावरचं दूध तुटलेलं, दिवसभर नुसती पातळ आंबील. तरी पोर गुबगुबीत दिसायला लागलं. अक्का त्याला कडेवर घेऊन दारोदार दाखवायच्या, "बगा, दुष्काळात माझ्या नातवानं बाळसं धरलंय."

बाईंनी त्याच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच, भरून आला न्हाई. म्हणाल्या, "अक्का, हे बाळसं न्हाई, सूज हाय. आजच गुलबर्ग्याच्या दवाखान्याला न्या."

"चांगल्या लेकराला दृष्ट लावायलीस कामून गं?"

तरी बाई डाळ्याचं, शेंगदाण्याचं पीठ गूळ घालून घेऊन आल्या. बाई बौद्ध घरातल्या. पीठ कुणाच्या हातचं, एवढं बघितलं गेलं. पिठात काय हाय, ते कुणी बघितलं न्हाई. ते म्हशीपुढं गेलं. बाई पुन्हा आल्या, तेव्हा दार लावलेलं होतं. महानंदा आतून बघत होती. सुनेच्या बोलण्याला आपल्यात किंमत किती, हे तुम्हाला मी सांगावं का?

पोळ्याच्या आधी शिवशरण गेला. त्याचे कान आमच्या बापासारखे होते, बाहेर आलेले. गवंड्यानं घर बरोबर मांडलं होतं, मंडळी. दगड तेवढे मिळाले न्हाईत. आणि जे दारापर्यंत आले, ते आपण परत पाठवले.

गाव काय म्हणालं? बाईंची दृष्ट लागली. आजही म्हणतं. महानंदाला आता दुसरं बाळ झालंय. बाई त्या गल्लीतनं निघाल्या की आमच्या पाळण्यावर फडकं पडतं. ही बदली बाईंनी स्वतः मागून घेतली, हे किती जणांना माहीत हाय? मी विचारलं, कामून जायलात बाई? त्या म्हणाल्या, "नागनाथ, मी वर्गात शिकवायले आन् लेकरं माझ्या नजरंसमोरनं तोंड फिरवून बसायलीत. घरून शिकवून पाठवतात त्यांना. असं किती दिवस शिकवू?"

म्हणून ह्या सभेपुढं सांगतो. शिवशरण दृष्टीनं गेला न्हाई. त्या लेकराला नीट बघणारी दृष्टी ह्या गावात एकच होती, आणि ती आज आपण बीदरच्या एस.टी.त बसवून द्यायलोत.

अध्यक्षांनी माझ्यासारख्या भटक्याला उभं राहू दिलं, गुरुजींनी कागद दिला, तुम्ही चुळबुळ न करता ऐकलंत, सगळ्यांचे आभार. माझं मराठी चार गावांचं पाणी प्यालेलं. त्यात कुणाला काही टोचलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राहिला नसेल, तर आपलंच पोर समजून पदरात घ्या. बाई, तुम्ही जिथं जाल तिथली लेकरं...

दारात गर्दी कामून झाली?

गुरुबाईअक्का आल्यात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खांद्यावर महानंदाचं बाळ हाय, तोंडावर फडकं न्हाई. बाईंकडं बघून म्हणायल्यात, "बाई, ह्याला घ्या जरा."

पुढच्या रांगेतल्यांनी पाय आवरून घ्यावेत. अक्कांना वाट द्या.