रक्ताले रक्त जामीन

अबे, उमरखेडकडच्या शांतामावशीवाणी संशयी बाई म्या पाह्यली नाही. आमच्या रुबेलाच्या अभ्यासासाठी तिच्या नव्या सुनेचं रक्त घ्याले गेलतो. रुबेला पोटातल्या लेकराले धोक्याचा; अंगात त्याच्याशी लढाची ताकद नसली, तर दिवस राह्याच्या आधीच लस द्या लागते. सून तयार होती, पण मावशी दारातच उभी.

"रक्त वापस कधी आणशीन?"

"वापस नाही येत, मावशी. रिपोर्ट येते."

"मंग तुयं ठेवून जाय. मले भरोसा नाही."

म्या माह्या रक्ताची एक नळी भरून देली.

महिन्यानं सुनेचा रिपोर्ट नेला. अंगात ताकद नव्हती, लस द्या लागत होती. मावशीनं तो दोनदा वाचला अन् म्हणे, "दे लस."

"माही नळी?"

"ते त त्याच दिवशी तपासाले पाठवली," म्हणून तिनं माहा रिपोर्ट हातात देला. "तुयं हिमोग्लोबिन कमी हाये. आधी गूळ-शेंगदाणे खाय, मंग लोकायचं रक्त काढ."