बाईंचा न छापलेला ठोकळा

माझं माहेर दाभोळचं, खाडीच्या काठचं. वडील तिथल्या शाळेत शिपाई, मीही त्याच शाळेत शिकले आणि तिथेच मला मनोरमाबाई भेटल्या. माझं आयुष्य सांगा म्हणालात तर मला बाईंपासूनच सुरुवात करावी लागेल, त्याआधीचं फारसं काही नाहीच.

आम्हाला चित्रकला शिकवायच्या तेव्हा बाई साठीच्या पुढे होत्या. तरुणपणी त्या मुंबईला कलाशाळेत गेल्या, तो काळ असा की वर्गात मुली दोनच. लाकडावर चित्र कोरायचं, त्यावर शाई लावून ते कागदावर छापायचं, हे त्यांना शिकायचं होतं. कोरू दिलं, पण छापायच्या यंत्राला हात लावू दिला नाही, चाकात पदर अडकेल म्हणाले. बाई म्हणाल्या, बरं. खोलीवर येऊन त्यांनी नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली, ठोकळ्यावर कागद अंथरला, वरून करवंटीने घासला, आणि छाप उठला. मग जन्मभर यंत्र वापरलं नाही. फणसाची फळी, काजळीत तांदळाची खळ कालवून केलेली शाई आणि ती करवंटी. एवढ्यावर, काय सांगू तुम्हाला, त्या बाईने खाडीचं पाणी छापलं. पाणी हो, नुसत्या काळ्या रंगात. मी बोट लावून पाहिलं होतं, ओलं आहे का म्हणून.

एकदा त्यांच्या चित्राला मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. खाली नुसती आद्याक्षरं होती, म्हणून पत्र आलं ते श्रीयुत म्हणून. बाईंनी त्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या ठोकळ्याचा कच्चा छाप घेतला. कागद चांगला होता म्हणाल्या.

माझं लग्न ठरलं, नवरा मस्कतला नोकरीला. निघायच्या आधी पाया पडायला गेले तर बाईंनी फडक्यात गुंडाळलेला ठोकळा हातात दिला. कोरून पुरा झाला होता, पण करवंटी घासायचं बळ हातात राहिलं नव्हतं. म्हणाल्या, पहिला छाप तू घे. पुढच्या वर्षी बाई गेल्या.

आणि मी तो छाप घेतला नाही. आधी संसार, मग मुलं, मग इथे मस्कतच्या शाळेत चित्रकलेची नोकरी. मुलांना भेंडीचे ठसे शिकवले, बाईंबद्दल सांगितलं. मुलं विचारायची, मिस, त्या फेमस होत्या का? नाही रे, म्हणायचे. सवड झाली की घेऊ, असं म्हणत चाळीस वर्षं गेली. एक मात्र चुकवलं नाही. दर दिवाळीला ठोकळा बाहेर काढायचा आणि त्याला खोबरेल चोळायचं, आपण पाटाला लावतो तसं. कीड लागू नये म्हणून. देवासारखा जपला मी तो. कोऱ्या लाकडावरच्या बारीक रेघांतून चित्र तेव्हाही उमगत नसे, छापातच कळेल म्हणून मी फार निरखलंही नाही.

या हिवाळ्यात हे गेले. आता मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं, सामान बांधायला घेतलं, तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधी. काजळीची शाई केली, ठोकळ्याला लावली, तर अळवाच्या पानावर पाणी धरावं तसे नुसते थेंब. पुसलं, धुतलं, पुन्हा लावलं. तेच. लाकूड तेल पिऊन तुडुंब झालं होतं, इतकं काळं की चित्र काय आहे तेही डोळ्यांना दिसेना. मीच बंद केलं होतं बाईंचं तोंड. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

इथे गाला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथे हसनभाईंचं सुतारकाम आहे, मूळचे श्रीवर्धनचे, जुने नक्षीचे दरवाजे दुरुस्त करतात. त्यांच्याकडे नेला. त्यांनी हात फिरवला, वास घेतला, म्हणाले, बाय, किती तेल पाजलाव हो ह्याला? तेल काय आता निघायचं नाही. मग हादरे बसू नयेत म्हणून शेजारचं लाकूड कापायचं यंत्र बंद करायला लावलं, ठोकळ्यावर पातळ कागद ताणून बसवला, आणि सुताराची चपटी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासत गेले. जुन्या दाराची नक्षी उतरवून घ्यायची असली की ते असंच करतात म्हणे.

कागदावर आधी एक नाव आली. मग वल्ही. मग नावेत उभी राहिलेली एक बाई, पाठमोरी, काखेत कागदांची गुंडाळी. हसनभाई म्हणाले, ‘बाय, हा छाप नव्हे. छापात उलटा येतो. तुमच्या बाईंनी कोरताना जसा बघितला, तसा हा आहे.’

तुम्हाला सांगते, बाईंची चित्रं लोकांनी पाहिली ती सगळी छापाच्या बाजूने. ही बाजू एकट्या बाईंची, कोरताना त्यांच्या डोळ्यांसमोर असलेली. ती बघायचा मला काय अधिकार होता?

हसनभाई म्हणाले, यावरून नवा ठोकळा कोरून देतो, हवे तेवढे छाप काढा. मी नको म्हटलं. रेघ हसनभाईंची होईल, बाईंची नाही. सून म्हणते फ्रेम करू, तेही नको. बाईंनी सांगितलं होतं ते माझ्या हातून झालं नाही, होणारही नाही, हे मी आता मान्य केलंय. रोज सकाळी चहा घेतला की कागद उलगडते, गुडघ्यावर ठेवते आणि दोन्ही हात बाजूला करते. पेन्सिल आहे, बोट लागलं की पुसली जाते. तुम्हीही बघा, पण लांबूनच हं. देव तुमचं भलं करो.